खिशात हात घालून जिंकलेलं रौप्य आणि आपल्या मुलांची पिस्तुलं

गेल्या आठवड्यात, मी नेमबाजी शिकवतो त्या रेंजवर, एका मुलीच्या वडिलांनी मला फोनवर एक फोटो दाखवला. तोच तो, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला. एका बाजूला डोळ्यांवर यंत्रासारखा चष्मा चढवलेली कोरियाची नेमबाज, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तानचे युसुफ डिकेच. अंगात टी-शर्ट, नाकावर रोजचा चष्मा, डावा हात खिशात. खाली मजकूर होता: ना भिंगं, ना हेडफोन, ना महागडं पिस्तूल, ५१ वर्षांचा साधा माणूस आला आणि मेडल घेऊन गेला, बाकीच्यांची यंत्रं नुसती शोभेची, लाखालाखाची पिस्तुलं म्हणजे श्रीमंतांचे चोचले, मनगटात दम असला की कुठलंही पिस्तूल चालतं.

त्या गृहस्थांची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला स्वतःचं पिस्तूल घेऊन द्यायचं की नाही, यावर त्यांच्या घरात दोन महिने खल चाललाय. परदेशी बनावटीचं नवं मॅच पिस्तूल, म्हणजे खास स्पर्धेसाठी बनवलेलं, आपल्याकडे दीड-दोन लाखांच्या घरात जातं. ज्याला ते कर्ज काढून घ्यावं लागणार, त्याला असा फोटो देवासारखा भेटतो. म्हणून हा मजकूर एकेक वाक्य घेऊन तपासायचं मी ठरवलं. डिकेच यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि त्यांच्या नावावर खपवलेल्या या गोष्टीचा तितकाच राग आहे.

आधी तो "साधा माणूस" घेऊ. डिकेच तुर्कस्तानच्या जेंडार्मरीतून, म्हणजे तिथल्या निमलष्करी दलातून निवृत्त झालेले. २००८ च्या बीजिंगपासून एकही ऑलिंपिक त्यांनी चुकवलेलं नाही. पॅरिस हे पाचवं होतं. २०१४ साली ग्रॅनाडात ते जागतिक विजेते ठरले होते. फोटोत दिसणारी ती सहज उभी राहण्याची ढब वीसेक वर्षांच्या रोजच्या सरावातून आलेली आहे. घरून चहा पिऊन निघाले आणि नेम धरला, असं काही घडलेलं नाही.

"काहीच लावलं नव्हतं" हेही खरं नाही. कानात इअरप्लग होते, फोटो मोठा केला की दिसतात. नंबरचा चष्मा होता. दुसरा डोळा झाकणारी पट्टी नव्हती, कारण ते दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतात, आणि हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. ज्याला एक डोळा मिटायची सवय आहे त्याने पट्टी लावली नाही तर तासाभरात डोळ्याभोवतीचे स्नायू थकतात. ही पट्टी प्लास्टिकच्या तुकड्याचीही होते. तिचा श्रीमंतीशी संबंध नाही. खिशातला हात हीसुद्धा ऐट नव्हे. पिस्तुलाची नेमबाजी एका हाताने करायची असते, आणि मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो. म्हणून कोणी तो खिशात घालतं, कोणी पट्ट्यात अडकवतं. आमच्या रेंजवरची बारा वर्षांची पोरंही तेच करतात.

त्या फोटोतून एक व्यक्ती कापून टाकली आहे, तिचं मला जास्त वाईट वाटतं. ते रौप्यपदक मिश्र सांघिक स्पर्धेचं होतं. त्यातलं अर्धं शेव्वाल इलायदा तरहान हिचं. तिच्या कानांवर मोठे इअरमफ होते, आणि हातही तिच्या खिशात होता. अंतिम लढत सर्बियाच्या झोराना अरुनोविच आणि दामिर मिकेच या जोडीने १६–१४ अशी जिंकली. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी आपल्याला कांस्य मिळवून दिलं. आणि वैयक्तिक एअर पिस्तुलात डिकेच १३ वे आले. अंतिम फेरीत आठच जण जातात. माणूस तोच, टी-शर्ट तोच, खिसाही तोच. दुसऱ्या बाजूच्या "यंत्रवाल्या" किम ये-जी यांनी वैयक्तिक एअर पिस्तुलात रौप्य जिंकलं. मग यंत्रं शोभेची कशी? एका फोटोवरून साधनांचा निकाल लावायचा असेल तर दोन्हीकडचे निकाल मांडायला हवेत.

आता मुख्य मुद्दा, "कुठलंही पिस्तूल चालतं".

डिकेच यांच्या हातातलं पिस्तूल बघा. तळव्याच्या खळग्यांना धरून कोरलेली मूठ, हाताच्या कडेला खालून आधार देणारी फळी, नळीखाली दाबलेल्या हवेचा सिलिंडर. हे अस्सल मॅच पिस्तूल आहे. दुकानात खेळण्यापेक्षा जरा बरं मिळतं तसलं घेऊन ऑलिंपिकच्या रेंजवर कोणी उभं राहत नाही. साधेपणा त्यांच्या कपड्यांत होता, हत्यारात नव्हता.

आणि ते हत्यार तसं का लागतं, हे समजायला शाळेतलं त्रैराशिक पुरतं. दहा मीटरवरच्या निशाण्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. पेलेट, म्हणजे शिशाचा छोटा छर्रा, ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड वर्तुळाला शिवली तरी गुण मिळतो. म्हणजे पेलेटचं केंद्र मधोमध बिंदूपासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकलं तरी दहा. नेम धरायला पिस्तुलावर पुढे एक उंचवटा असतो, ती पुढची साइट. ती आणि मागची खाच यांतलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. दहा मीटर म्हणजे त्याच्या तीसपट. आता हिशेब करा: ट्रिगर दाबताना पुढची साइट खाचेच्या मध्यापासून पाव मिलिमीटरपेक्षा जरा जास्त सरकली की दहाचा नऊ झाला. पाव मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. तेही साठ वेळा, ७५ मिनिटांत, हात लांब करून, किलोभर वजन पेलत.

पॅरिसमध्ये वैयक्तिक कांस्य जिंकताना मनू भाकर २२ शॉट्सनंतर २२१.७ गुणांवर थांबली. रौप्याच्या शर्यतीत किम तेव्हा तिच्यापेक्षा ०.१ ने पुढे होती. निशाण्यावर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. पिस्तुलाच्या टोकाशी तेच अंतर माणसाच्या केसाच्या निम्म्यापेक्षाही कमी भरतं. इतक्या बारीक फरकावर पदकाचा रंग ठरत असेल, तर "कुठलंही चालतं" हे वाक्य कोणी कशाच्या बळावर म्हणतं?

स्वस्त स्प्रिंगच्या पिस्तुलात चाप ओढला की जड पिस्टन पुढे धावतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आत सगळं पिस्तूल हादरतं. मनगटात कितीही दम असो, तो हादरा प्रत्येक वेळी सारखा झेलता येत नाही. मॅच पिस्तुलात रेग्युलेटर, म्हणजे हवेचं माप राखणारा भाग, दरवेळी हवेचा तेवढाच घोट सोडतो, म्हणून वेग सारखा राहतो. आणि त्याचा ट्रिगर! नियमाने तो किमान ५०० ग्रॅम वजन उचलणारा लागतो, वजन टांगून तपासतात. पण तेवढ्याच वजनाचे दोन ट्रिगर अगदी वेगळे असू शकतात. एक खरखरत सरकतो आणि कधी सुटेल याचा पत्ता लागत नाही. दुसरा पहिल्या टप्प्यात सैल येतो, एका ठिकाणी भिंतीसारखा थांबतो आणि मग काच तडकावी तसा सुटतो. पहिल्या ट्रिगरवर वाढलेलं मूल झटका मारायला शिकतं. ती खोड काढायला पुढे वर्ष जातं, हे मी स्वतः काढून पाहिलंय.

नवं मूल कसं शिकतं तेही इथे सांगायला हवं. शॉट सोडल्यावर त्याने म्हणायचं असतं, "डावीकडे गेला असणार." मग स्क्रीनवर बघायचं. पिस्तूल अचूक असेल तर दोन्ही जुळतात आणि मुलाला स्वतःची चूक कळते. पिस्तूलच इंचभर भरकटत असेल तर चूक हाताची की नळीची, हे कळायला मार्ग नाही. मग सरावाचे हजार शॉट मारले तरी त्यातून हाती काही लागत नाही. मजकुरात मनगटातल्या ज्या "दमा"ची थोरवी गायली आहे, तो सरावातून येतो, आणि त्या सरावाचाच पाया चांगलं पिस्तूल आहे.

आता चोचल्यांबद्दल. एवढ्यापुरतं मी त्या मजकुराशी भांडणार नाही, कारण एका टप्प्यानंतर पैसा खरंच शोभेवर जातो. अमेरिकेत १९११ नावाच्या जुन्या लष्करी पिस्तुलाचं रूप हाताने घासून, जुळवून बनवणारे कारागीर आहेत. अशा एकेका पिस्तुलाला तिथे हजारो डॉलर मोजतात. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, आणि नळी नीट जुळवण्याने अचूकता वाढते, तो भाग मेहनतीचा मोबदला आहे. पण त्यावर नक्षी आणि दुर्मीळ लाकूड चढलं की गोळी अधिक सरळ जात नाही. एका कंपनीने तर उल्केच्या लोखंडाची पिस्तुलांची जोडी घडवली. ती संग्राहकांसाठी आहे, खेळाडूसाठी नाही. आपल्या खेळातही रंगीत सिलिंडर आणि मर्यादित आवृत्त्या असतात. त्यांच्यावर एक रुपयाही घालू नका.

आणि महाग आहे म्हणून मोडणार नाही, असंही नाही. टोकियो ऑलिंपिकात, जुलै २०२१ मध्ये, मनूच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती दोन गुणांनी अंतिम फेरीला मुकली. सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळपास आहे का, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा.

"चोचले" या शब्दाने मला सर्वांत जास्त टोचलं, कारण पिस्तूल आपल्या मापाने बेतून घेण्याचा सर्वांत मोलाचा भाग सर्वांत स्वस्तात होतो. तो म्हणजे मूठ. नेमबाज राही सरनोबतच्या कोल्हापुरात असो की आमच्या छोट्या रेंजवर, मुलं रेंजचंच पिस्तूल वापरून सुरुवात करतात, आणि त्याची मूठ बहुधा मोठ्या माणसाच्या मापाची असते. या मुलीचंही तेच होतं. बोट ट्रिगरला जेमतेम पोचायचं, त्यामुळे दाबताना पिस्तूल ढकललं जायचं आणि शॉट डावीकडे पडत राहायचे. तिला वाटायचं आपल्याला जमतच नाही. रेंजवर जादा पडलेली एक जुनी मूठ आम्ही घेतली, मागचा फुगवटा कानशीने उतरवला, पॉलिश पेपर मारला, तळव्याखाली पोकळी राहिली तिथे एम-सील भरलं आणि ते ओलं असतानाच पातळ प्लास्टिक धरून तिला मूठ आवळायला लावली. दोन संध्याकाळी गेल्या. शॉट मध्याकडे यायला लागले. ती डोळे विस्फारून स्क्रीनकडे बघत होती, तिचे वडीलही बघत होते.

त्यांनी मग विचारलं, "सर, घ्यायचं की नाही?"

मी म्हटलं, घ्यायचं, पण नवं नाही. खेळ सोडलेल्या कुणाचं तरी चांगलं जपलेलं मॅच पिस्तूल बघा. एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे ती धावपळ नाही. लहान मापाची मूठ मिळाली तर उत्तम, नाहीतर आपण घासू. वाचलेल्या पैशांतून वर्षभराचे पेलेट घ्या, आणि रोज रात्री अर्धा तास पेलेट न घालता कोऱ्या भिंतीवर नेम धरून ट्रिगर दाबायचा. त्याला पैसे पडत नाहीत. डिकेच यांच्याकडून घ्यायचं ते हे घ्या, टी-शर्ट नको.

रविवारी ते पुण्याला एक पिस्तूल बघायला जाणार आहेत. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही. ती तारीख आधी फोनवर वाचून घ्या, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.