त्यातून शिकायला काय मिळतं?

कोथरूडमध्ये माझी ताई राहते त्या सोसायटीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी सिनेमा दाखवायचं ठरलं. माझ्या भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ सुचवला. त्यावर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जी चर्चा झाली, ती ताईने मला योकोहामाला पाठवली. मुलगे बसणार नाहीत, असं काहींचं म्हणणं. झाडूवर बसून उडणारी मुलगी आणि बोलणारं मांजर दाखवणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी, असं दुसऱ्यांचं. आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, त्यातून शिकायला काय मिळतं? शेवटी एक ऐतिहासिक चित्रपट लावला गेला.

मी मुलींच्या बाजूने आहे, आणि का आहे ते नीट सांगायला हवं.

हा जपानी अॅनिमेशन सिनेमा हायाओ मियाझाकींचा, १९८९ चा. एइको कादोनो यांच्या १९८५ च्या पुस्तकावर बेतलेला. बालसाहित्यातला सर्वांत मानाचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार कादोनोंना २०१८ मध्ये मिळाला. तेरा वर्षांची चेटकीण किकी, चेटकिणींच्या रीतीप्रमाणे, वर्षभर अनोळखी शहरात राहायला निघते. एका बेकरीवाल्या बाईकडे तिला खोली मिळते आणि ती लोकांचं सामान पोचवायचं काम सुरू करते. सिनेमात खलनायक नाही. पण एक दिवस किकीला उडताच येईनासं होतं. कुणी शाप दिलेला नाही. ती दमली आहे, मनातून खचली आहे. तेव्हा जंगलात राहणारी चित्रकार मैत्रीण उर्सुला तिला आपल्या झोपडीत नेते आणि सांगते, मलाही मध्ये चित्र जमेनासं झालं होतं. तेव्हा मी काढणं थांबवते, भटकते, झोपते, काहीच करत नाही. एका मुलीने दुसरीला ‘थांब, विश्रांती घे’ म्हणणं. स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातींनी भरलेल्या आपल्या शहरात नऊ वर्षांच्या मुलीला हे कोण सांगतं?

अंधश्रद्धेचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २०१३ मध्ये पुण्यातच झाला आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण तो कायदा अंगात शक्ती असल्याचं सांगून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध आहे. गोष्टीतली जादू कुणाचा आजार बरा करायचं वचन देत नाही आणि दक्षिणाही मागत नाही. मराठी मुलं ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण बघत मोठी झाली. सुधा करमरकर परदेशात बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ त्यांनी रंगमंचावर आणलं, तेव्हापासून आपल्याकडे चेटकिणी आहेत. फरक एवढाच की आपल्याकडची चेटकीण म्हणजे जिला हरवायचं ती. इथे चेटकीण ही आपलीच मुलगी आहे आणि सगळं थिएटर तिच्या बाजूने आहे.

आता शिकण्याबद्दल. मराठीत मुलांवरचे सिनेमे उत्तम झाले. ‘श्वास’, ‘किल्ला’, ‘नाळ’ मला मनापासून आवडतात. त्यांच्या मध्यभागी मुलगा आहे आणि त्याच्या वाट्याला दुःख आहे. ‘एलिझाबेथ एकादशी’त झेंडूसारखी झकास मुलगी आहे, पण कथा ज्ञानेशच्या मागून चालते. मुलींसाठी आपण काय ठेवलंय? थोर स्त्रियांची चरित्रं, आणि बिचाऱ्या मुलींच्या करुण कहाण्या. दोन्ही असावेत. पण चार मैत्रिणी, थोडी जादू, खूप हसणं, एक मोठं भांडण आणि मग पुन्हा गट्टी, असा सिनेमा मला आठवत नाही. गंमत म्हणजे मोठ्या बायकांसाठी तो आपण केला आणि डोक्यावरही घेतला. २०२१ चा ‘झिम्मा’, २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’. बायकांचे ग्रुपच्या ग्रुप नटूनथटून थिएटरात गेले. आईने आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणींनीही तो एकत्र पाहिला आणि पुढे कितीतरी दिवस फोनवर दुसरा विषय नव्हता. पन्नाशीच्या बाईला मैत्रिणींबरोबर मोकळं व्हायची गरज असते, हे आपल्याला पटलं आहे. मग ते नवव्या वर्षी का नको?

मला वाटतं याचं एक कारण सिनेमाच्या बाहेर, रस्त्यावर आहे. आमच्या इथे जपानमध्ये सहा-सात वर्षांची मुलं दप्तर पाठीला लावून, घोळक्याने, मोठ्या माणसाशिवाय शाळेत चालत जातात. माझी मुलगीही तशीच जाते. रस्त्यात काय काय घडतं ते आम्हाला संध्याकाळी कळतं, तेही तिला सांगावंसं वाटलं तर. त्यामुळे किकी एकटी निघते तेव्हा इथल्या मुलींना ते आपल्याच रोजच्या चालण्याचं पुढचं पाऊल वाटतं. पुण्यात माझी भाची व्हॅनने शाळेत जाते, तिथून ताई तिला क्लासला सोडते, क्लासहून आजोबा आणतात. यात ताईचा दोष नाही. कर्वे रस्त्यावर नऊ वर्षांच्या मुलीला एकटीने पलीकडे जा म्हणणं मलाही जमणार नाही. पण आम्ही मुली एरंडवण्यातून सायकली काढून शाळेत जायचो. आमच्या मैत्रीतलं सगळं काही त्या वाटेवर घडलं: चिंचा, अबोले, कुणाची तरी चेन पडणं, घरी काय सांगायचं ते आधी ठरवणं. लेखकाला मुलींची गोष्ट लिहायची तर मोठ्यांची नजर नसलेली एक तरी वाट लागते. ती वाट पुण्यात उरली नाही, आणि ‘झिम्मा’तल्या मोठ्या बायकांनासुद्धा त्यासाठी टूर कंपनीबरोबर इंग्लंड गाठावं लागलं. जादूचा उपयोग इथे आहे. झाडू मुलीला ती वाट परत देतो.

जपानमध्ये सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. इथे २००४ पासून रविवारी सकाळी ‘प्रिक्युअर’ नावाची मुलींची मालिका लागते. दरवर्षी नव्या नायिका येतात, त्यांच्याबरोबर रूप बदलायचं नवं खेळणं येतं, आणि दुकानात मुलीचा हात धरून तिथून काढता पाय घेणं हे दर वर्षीचं काम होऊन बसतं. हा धंदा मला आवडत नाही. मुलींच्या शूर कथा इतकी वर्षं दाखवूनही २०२४ च्या जागतिक स्त्री-पुरुष तफावत अहवालात १४६ देशांत जपान ११८ वा होता, भारत १२९ वा. सिनेमाने समाज बदलतो असा माझा दावा नाही.

पण त्याच मालिकेच्या पहिल्या वर्षातल्या नागिसा आणि होनोका मला जवळच्या वाटतात. एक मैदानावर रमणारी, दुसरी प्रयोगशाळेत. दोघींनी हात धरल्याशिवाय रूप बदलत नाही. सुरुवातीच्याच एका भागात त्यांचं कडाक्याचं भांडण होतं, आणि एकमेकींच्या वह्यांत लिहिलेलं वाचल्यावर त्या पहिल्यांदा एकमेकींना पहिल्या नावाने हाक मारतात. राक्षस त्या भागात असतो, पण लक्षात राहतं ते भांडण. या वयात मुलींना खरी भीती राक्षसाची नसते. ‘ती आता माझ्याशी बोलत नाही’ याची असते. शाळेतून हिरमुसून आलेल्या मुलीचं हे दुखणं ज्या सिनेमाने गंभीरपणे घेतलं, त्याला फालतू म्हणू नये.

मुलगे बसणार नाहीत, या भीतीबद्दल फार लिहायची गरज नाही. मुली वर्षानुवर्षं ‘डोरेमॉन’मधला नोबिता बघत आल्या आहेत. कुणी विचारलं नाही की मुली बसतील का. शिवाय किकीच्या सिनेमाच्या शेवटी संकटातून सोडवलं जातं ते तिच्या मित्राला, तोंबोला. २०२३ च्या ‘प्रिक्युअर’मध्ये तर नायिकांच्या चमूत एक मुलगाही होता.

मराठीत हे कुणी करायचं? पूर्वी भारतीय बालचित्र समिती होती, १९५५ ची. सई परांजपेंनी तिच्यासाठी १९७४ मध्ये ‘जादू का शंख’ केला. ही समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. पुण्यात मात्र सामग्री हाताशी आहे. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी आहे, आणि वर वेताळाचं देऊळ. वेताळ पंचविशीत प्रश्न विचारतो तो वेताळ, उत्तरं देतो राजा. कोथरूड आणि गोखलेनगरच्या चार मुली टेकडीवर गेल्या आणि त्यांनीच वेताळाला प्रश्न विचारायला सुरुवात केली तर? त्याला उत्तरं येत नाहीत, तो त्यांच्या मागे मागे फिरू लागतो, एका पावसाळी संध्याकाळी भूगोलाच्या तासाला येऊन बसतो. लिहिणाऱ्या मुली पुण्यात भरपूर आहेत, पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत दरवर्षी दिसतात. त्यांच्यापैकी कुणी ही गोष्ट लिहायला घेतली तर कल्पना खुशाल घ्यावी. जपानी सिनेमांबद्दल काही विचारायचं असेल तर मी आहे, आणि पहिला खर्डा वाचायला माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी एका पायावर तयार आहेत.