पेज, पाठीतली सुई आणि एक फॉरवर्ड

"ऑपरेशनआधी हे वाचाच" असा एक मेसेज गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या वाडीचा. मी कुडाळ-कणकवली पट्ट्यातल्या लहान रुग्णालयांत भूल देतो. तेव्हा उत्तर देणं माझ्याकडेच आलं. त्या मेसेजमधली वाक्यं एकेक करून घेतो.

"भूल दिलेला माणूस उठेल याचा भरवसा नाही." हे १८४८ साली कुणी म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. त्या वर्षी इंग्लंडात पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मने हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी दगावली. पुढचा हिशेब २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: निव्वळ भुलीमुळे होणारे मृत्यू १९७० पूर्वी दहा लाखांत ३५७ होते, १९९० नंतर ३४ वर आले. गरीब देशांत धोका अजून जास्त आहे, तेही त्यातच लिहिलंय. औषधं सुधारली खरी, पण माझ्या मते मोठा वाटा नजर ठेवण्याचा. कोरोनात घरोघरी आलेली ती बोटाची क्लिप, ऑक्सिमीटर, आमच्याकडे कितीतरी आधीपासून आहे. थिएटरात तिची टुकटुक चालू असते आणि ऑक्सिजन उतरायला लागला की आवाजाची पट्टी खाली येते. सर्जन विहिरीच्या गाळाच्या गप्पा मारत असला तरी माझा कान तिकडेच असतो.

"पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर गेली." हे मला दर सिझेरियनला ऐकावं लागतं, बहुतेक वेळा सासूबाईंकडून. १९९४ च्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर महिना-दोन महिन्यांनी कंबरदुखी सांगणाऱ्या बायका मोजल्या. एपिड्युरल, म्हणजे पाठीतल्या सुईने दिलेली भूल, घेतलेल्यांत त्या ४४ टक्के निघाल्या, न घेतलेल्यांत ४५. नऊ महिन्यांचं ओझं आणि मग कडेवरचं मूल, याचा दोष सुईला जातो. टोचल्या जागी दोन दिवस ठणकतं, क्वचित डोकं धरतं. ते मी आधीच सांगतो.

"आत गेल्यावर पुन्हा नाव विचारतात, म्हणजे यांना पेशंटच ठाऊक नसतो." विचारू द्या. नाव, बाजू, ऑपरेशन मोठ्याने विचारायची यादी २००९ साली आठ शहरांतल्या रुग्णालयांत तपासली, त्यात दिल्लीही होती. मृत्यू दीड टक्क्यांवरून ०.८ वर आले.

"व्हेंटिलेटर म्हणजे मेलेल्याला लावून बिल वाढवणं." मण्यार चावलेला माणूस बघितलाय का? पापण्या मिटतात, मान टाकतो, श्वासाचे स्नायू थकतात, पण बरेचदा आत शुद्ध असते. प्रतिविष तर द्यायचंच, आणि मशीनने काही दिवस श्वास चालवला तर तो पायांनी घरी जातो. मशीनने फुप्फुसाला इजाही होते, हे मात्र खरं. म्हणूनच २००० साली अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या ८६१ रुग्णांवर तपासलं: दर श्वासाला फुप्फुसात हवा कमी भरली तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. असलं संशोधन तिकडेच होतं असंही नाही. विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनीच रुजवली.

आता ज्याने मला खरा राग आला ते. "उपाशी ठेवणं जुनाट आहे, थोडी पेज पिऊन जा, अंगात ताकद राहते." भुलीत घसा सैल पडतो, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. मेंडेलसन या डॉक्टरने १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांत असे ६६ प्रसंग मोजले होते. तेव्हापासून आम्ही पोट रिकामं मागतो. घन अन्नाला सहा तास, साध्या पाण्याला दोन.

परवाच हर्नियाचे एक आजोबा सकाळी आठला टेबलाजवळ उभे. काय खाल्लं विचारलं, तर म्हणाले, "काय नाय." मी दुसऱ्यांदा विचारल्यावर उकड्या तांदळाची वाटीभर पेज आणि जोडीला भाजलेला सुका बांगडा निघाला. "पेज म्हणजे जेवान नाय हो डॉक्टर, पाणीच ता!" पेजेत शितं असतात, ती पोटाला जेवणच. बांगड्याबद्दल तर मी बोललोच नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, मुलगा चिडला, त्याची गाडीभाड्याची तक्रार रास्तच होती.

दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आधीच आजोबा म्हणाले, "राती आठाक जेवलंय, सकाळी सहाक कोरी चाय. दूध नाय." घड्याळात साडेआठ झाले होते. त्यांना आत घेतलं.