गुलाबी ठिपका

गेली अडीच वर्षं आठवड्यातून तीन दिवस मी नवऱ्याला डायलिसिसला नेते. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात. चार-चार तास शेजारी बसून माणसं ओळखीची होतात. बहुतेक खुर्च्यांवर स्पॅनिश बोलणारी मंडळी असतात, मेक्सिकोची, ग्वातेमालाची, एल साल्वादोरची. मधुमेह नाहीतर रक्तदाब, बहुतेकांची कहाणी याच दोन वाटांनी इथवर आलेली. आमचीसुद्धा.

अमेरिकेत अवयवाची वाट बघणारे 1 लाखाहून जास्त लोक आहेत. त्यातले बहुसंख्य मूत्रपिंडासाठी, आणि साधारण पाचातला एक हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतला. अवयव कुठल्याही वंशाच्या माणसाचा चालतो, पण रक्तगट आणि पेशींचे गुणधर्म जुळण्याची शक्यता आपल्या वंशाच्या दात्याशी जास्त असते. म्हणून या समाजातून दात्यांची नोंदणी वाढायला हवी.

"ते लोक कट्टर कॅथलिक, देणार नाहीत," असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली रोममध्ये, प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर, अवयवदान ही प्रेमाची कृती असल्याचं सांगितलंय. आमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या आजींना (सगळे त्यांना अबुएला म्हणतात) हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची काळजी वेगळीच होती. वेलोरियोच्या रात्री नातलग मृताजवळ बसतात, तेव्हा चेहरा नीट दिसेल ना? दिसतो, शवपेटी उघडी ठेवता येते. मग हळूच दुसरा प्रश्न आला. दाता म्हणून नोंदणी केली की इथे ड्रायव्हिंग लायसन्सवर गुलाबी ठिपका येतो; तो बघून डॉक्टर जीव वाचवायचा प्रयत्न सोडतील का? नाही. उपचार करणारे डॉक्टर वेगळे, प्रत्यारोपणाची टीम वेगळी. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये हे समजावायला दोन आठवडे गेले.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न रुग्णालयात डॉ. हुआन कार्लोस कायसेदो यांनी 2006 साली खास हिस्पॅनिक रुग्णांसाठी मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा कार्यक्रम सुरू केला. डॉक्टर-नर्स स्पॅनिश बोलणारे, आणि माहिती द्यायची ती रुग्णासकट सगळ्या कुटुंबाला बसवून. कारण तिथे निर्णय घर घेतं. जिवंतपणी एक मूत्रपिंड देणाऱ्या भावाला मूल होईल ना, पुन्हा जड काम करता येईल ना, हे प्रश्न आईसमोरच सुटावे लागतात. असे कार्यक्रम प्रत्येक मोठ्या शहरात हवेत.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. ज्यांच्याकडे इमिग्रेशनचे कागद नाहीत, त्यांचे अवयव चालतात. त्यांनाच मूत्रपिंड हवं असेल तर राज्य कुठलं, विमा कुठला, हे आडवं येतं. अशा घराकडे दान मागायला कुठल्या तोंडाने जायचं? तरीही ती माणसं देतात.

गेल्या रविवारी अबुएलांनी जेवताना घरात विषय काढला. नातवाने पाकिटातून लायसन्स काढून दाखवलं. ठिपका आधीपासूनच होता. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या लायसन्सवरही तो नऊ वर्षं आहे. त्या रात्री मी साताऱ्याला आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि डोळे? डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्मतात म्हणतात गं."

आम्ही पाऊण तास बोललो. उद्या पुन्हा बोलणार आहोत.