रोजचे चाळीस लॅप

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, रोज चाळीस लॅप मारतो. २५ मीटरचा तलाव, म्हणजे बरोब्बर एक किलोमीटर. समोरचा 'अरे वा' म्हणायचा, मी पोट आत घ्यायचो. पहिल्या वर्षी त्या एक किलोमीटरला ३१ मिनिटं लागायची. सहाव्या वर्षीही ३१.

हे लक्षात आणून दिलं आमच्याच बिल्डिंगमधल्या आठवीतल्या मुलीने. ती स्पर्धेच्या बॅचला असते. एकदा तिची बॅच सुटल्यावर काठावर पाय सोडून बसली होती. मी भिंतीला टेकलो तर म्हणाली, "काका, तुम्ही एका लॅपला सत्तावीस हात मारता. मी अठरा. आणि मधेच मान वर काढून काय बघता? कुणी हाक मारतंय का?"

मान वर काढायचं कारण मला माहीत होतं. मी पोहायला शिकलो आजोळच्या विहिरीत. मामाने पाठीला डबा बांधून ढकलून दिलं, गटांगळ्या खाल्ल्या, तिसऱ्या दिवशी तरंगलो. विहीर भीती घालवते, त्याबाबतीत तिला तोड नाही. पण विहिरीत सगळे डोकं बाहेर ठेवूनच पोहतात, कारण वरून कोण कधी मुटका मारेल याचा नेम नसतो. ती सवय तलावात घेऊन आलो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग तुम्ही आडवे न पोहता तिरके पोहता. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, आणि वेग वाढवाल तसा त्याचा अडथळा त्याहून जास्त पटीने वाढतो. म्हणून जिममध्ये दंड कमावलेला तगडा गडी तलावात धापा टाकतो आणि काडीसारखी पोरगी शेजारून सुळकन निघून जाते. आपण दम वाढवायच्या मागे असतो. खरा प्रश्न असतो पाण्याला किती अंग दाखवतो, हा.

दमाचंही तसंच. मला वाटायचं माझा श्वास कमी पडतो. प्रत्यक्षात मी तो पाण्याखाली धरून ठेवत होतो. मग तोंड बाहेर आलं की तेवढ्या वेळात सोडायचाही आणि घ्यायचाही! जीव घाबरतो तो बहुतेक वेळा ऑक्सिजन संपला म्हणून नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. चेहरा पाण्यात गेला की नाकातून बुडबुडे सुरू, एवढं एकच मी पंधरा दिवस केलं. फरक असा पडला की स्वतःचाच राग आला.

आता माझं मत. रोज त्याच चालीने चाळीस लॅप मारणं हा व्यायाम आहे, ट्रेनिंग नाही. मन शांत करायला पोहत असाल तर खुशाल मारा, माझं काही म्हणणं नाही. पण सुधारणा हवी असेल तर लॅप मोजणं बंद करा आणि हात नि सेकंद मोजा. एका लॅपचे हात अधिक सेकंद, ही बेरीज; जितकी कमी तितकी बरी. माझी होती २७ आणि ४६, म्हणजे ७३. चार महिन्यांत २२ आणि ४२ झाली, ६४. मग हाव सुटली. हात लांब ठेवून नुसता तरंगत राहायला लागलो, हात १९ वर आणले आणि मिरवायला गेलो. पोरीने घड्याळ दाखवलं. ४९ सेकंद. बेरीज ६८. नुसते हात कमी करून उपयोग नाही, मधे थांबलात की पुन्हा शून्यातून ढकलावं लागतं.

आणि तुकडे पाडा. एक दिवस ४०० मीटर जीव तोडून पोहा, पुरेसं थांबून २०० तसंच. माझे आले १० मिनिटं ४० सेकंद आणि ५ मिनिटं. वजाबाकी करून निम्मं केलं की २ मिनिटं ५० सेकंद. हा माझा १०० मीटरचा टिकणारा वेग. त्या वेगाने शंभर-शंभरचे आठ तुकडे, मधे वीस सेकंद थांबून. पाचव्यापासून वेग सांभाळताना जो त्रास होतो, तेच ट्रेनिंग. (१९२२ साली अमेरिकेचा जॉनी वाइसमुलर १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस ठरला. अमेरिकेचीच जलतरणपटू केटी लेडेकी, तिने २०२५ मध्ये ८०० मीटर ८:०४.१२ मध्ये संपवले, म्हणजे जवळपास एकेका मिनिटाचे आठ शंभर, मधे न थांबता. हे वाचून मी दोन दिवस पोहायला गेलो नाही.)

अडचण अशी की आपल्याकडे ४५ मिनिटांच्या बॅचमध्ये हे करायला जागाच नसते. लेनच्या टोकाला तिघं उभे राहून कुणाच्या तरी रिडेव्हलपमेंटची चर्चा करत असतात. भिंतीला हात लावायचा तर "जरा सरकता का काका" म्हणावं लागतं, आणि हे मीच म्हणतो, काका म्हणण्याचं वय गेलेलं असताना.

खांद्याचं मात्र मनावर घ्या. माझा उजवा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या रेषेपलीकडे, डावीकडे जायचा. खांदा दुखायला लागल्यावर कळलं. आता खांद्याच्या समोरच हात टाकतो, आणि घरी दाराच्या कडीला रबर बँड अडकवून रोज दहा मिनिटं ओढतो. बायको म्हणते, कडी निघेल.

यंदा डिसेंबरात मालवणला चिवला बीचवरच्या समुद्री जलतरण स्पर्धेत छोट्या अंतराला उतरायचं ठरवलंय. तिथे भिंत नाही, तळाशी काळी रेघ नाही, समोरचा बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) बघायला दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढावेच लागतात. म्हटलं, चला, विहीर कामाला आली. काल तेच करून दाखवलं.

"डोळे काढायचेत काका, अख्खी मान नाही," पोरगी म्हणाली. "आणि डावा पाय कात्रीसारखा मारताय."