पर्पल टँग सोडायच्या आधी

टँग म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात ते मासे. "रंग वेगळा असला की टँग भांडत नाहीत" हे एका लेखातलं वाक्य पटलं नाही. यलो टँग आणि पर्पल टँग दोघेही झेब्रासोमा या एकाच गटातले. अंगाची ठेवण तीच, खाणं तेच शेवाळ. मग भांडण ठरलेलंच. शेपटीच्या बुडाशी पात्यासारखा काटा असतो, त्याचे ओरखडे अंगावर दिसू लागतात. चार फुटी टाकीत ही जोडी नकोच. सहा फुटी असेल तर पर्पल शेवटी सोडा, तापट तोच. कोल्हापुरात मासा प्रवास करून, दमून येतो (उन्हाळ्यात तर विचारू नका). थेट न सोडता भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात आठवडाभर टाकीतच ठेवा, मग दगड हलवून, दिवे बंद करून सोडा. नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) टाकीच्या दोन टोकांना, दोन क्लिपांवर. जुना मासा डब्याकडे शेपूट वळवून धडका मारत असेल तर डबा उघडू नका. दोन आठवड्यांनीही तेच चाललं तर पर्पल दुकानदाराला परत.