पैसे तत्काळ पाठवा, शुल्काचं कशाला विचारता?

बँकेतून बँकेत तत्काळ पैसे पाठवायला कुठली बँक किती शुल्क घेते, याची तुलना करायची लहर तुम्हाला आली असेल, तर आधी अभिनंदन. एवढा रिकामा वेळ हल्ली मिळतो कुणाला! मला हा छंद परवाच लागला. घरमालकाला डिपॉझिट पाठवलं होतं. उतारा काढला तर त्या रकमेच्या खाली वेगळी नोंद: आयएमपीएस (म्हणजे हीच तत्काळ पैसे पाठवायची सेवा), पुढे बारा आकडी क्रमांक आणि ५ रुपये ९० पैसे. पाच बँकेचे, नव्वद पैसे जीएसटी. पैसे पाठवताना स्क्रीनवर यातलं अवाक्षरही नव्हतं.

तर सुरुवात शुल्कपत्रकापासून करा. ते बँकेच्या संकेतस्थळावर असतंच, कारण ठेवावं लागतं. गृहकर्ज, सोनेतारण आणि हसऱ्या कुटुंबाचा फोटो ओलांडून अगदी तळाशी जा. बारीक अक्षरात ‘सेवा शुल्क’ दिसेल. पीडीएफ उघडा. लॉकरचं भाडं, डुप्लिकेट पासबुक, सही पडताळणी, चेक न वटल्याचा दंड, आणि मग कुठेतरी आपलं आयएमपीएस. अशी चार-पाच बँकांची पत्रकं शेजारी शेजारी मांडा आणि तुलना करून दाखवाच. एकीचा पहिला टप्पा हजार रुपयांचा, दुसरीचा पंचवीस हजारांचा, तिसरी थेट लाखापासून मोजते. एकीकडे बचत खात्याला एक दर आणि पगार खात्याला दुसरा. एकीकडे ठसठशीत ‘शून्य’, पण शून्याला चांदणी, आणि चांदणीचा खुलासा शोधायला गेलात तर ‘अटी लागू’. मुळात आयएमपीएसचं शुल्क किती हे ज्याच्या त्याच्या बँकेवर सोडलेलं आहे, त्यामुळे प्रत्येकीची प्रतिभा स्वतंत्र.

शाखेत विचारायला जाऊ नका. तिथे शुल्क माणसं कापत नाहीत, ‘सिस्टीम’ कापते.

रक्कम तोडून पाठवायची युक्ती जरूर करा. स्टेट बँकेने (माझी बँक ती नव्हे) १५ ऑगस्ट २०२५ पासून ऑनलाइन आयएमपीएसवरही शुल्क लावलं. २५ हजारांपर्यंत फुकट, पुढे लाखापर्यंत २ रुपये, दोन लाखांपर्यंत ६, पाच लाखांपर्यंत १०, वर जीएसटी. म्हणजे लाख रुपयांचे चार तुकडे करा, चार वेळा ओटीपी टाका, आणि वाचवा २ रुपये ३६ पैसे.

किंवा यूपीआय वापरा. फुकट आहे. फक्त एकमेकांना पाठवायचे पैसे दिवसाला एक लाखाच्या आत ठेवायची शिस्त लावून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. ॲपमध्ये आयएमपीएसवर आधीच टिंब दिलेलं असतं, ते मुळीच हलवू नका. हलवलंत तर खाली एनईएफटी, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवायचा थोडा संथ मार्ग, दिसेल आणि नसते प्रश्न पडतील. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाला पैसे पुढे सरकतात. रिझर्व्ह बँकेने बँकांकडून घेतलेलं आपलं शुल्क जुलै २०१९ मध्येच सोडून दिलं, आणि जानेवारी २०२० पासून बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला बँकेने एक पैसाही घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे माझे ५ रुपये ९० पैसे कशाचे गेले? अर्ध्या तासाचे! आणि तो अर्धा तास कुणाला हवा होता? घरमालकाला? त्यांनी मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी बघितला. मला? मला तर कुणी विचारलंच नाही. आयएमपीएसच्या पुढे हिरव्या अक्षरात ‘त्वरित’ लिहायला यांना सुचतं. एनईएफटीच्या पुढे ‘मोफत’ लिहायला कुठली शाई संपते?

पैसे तुमच्या खात्यातून गेले आणि समोर पोचलेच नाहीत, तर मात्र शांत राहा. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक सांगतं की असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही तक्रार न करता. तुम्ही आपला बँकेच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवा. ५ रुपये ९० पैसे कापायचं ती कधी विसरत नाही, मग हेही विसरणार नाहीच, नाही का?

बास झाले सल्ले. पाच-सहा रुपयांनी माझं दिवाळं निघत नाही, तुमचंही नाही. सेवा दिलीत, पैसे घ्या. पण आधी सांगून घ्या! माझं खातं कुठल्या प्रकारचं, रक्कम किती, टप्पा कोणता, हे त्या ॲपला बटण दाबण्याआधीच ठाऊक असतं. तरीही ‘शुल्क ५.९०, एनईएफटीने शून्य’ एवढी एक ओळ तिथे दिसत नाही. त्याच ॲपवर न मागितलेल्या कर्जाच्या जाहिराती मात्र मला दोनदा बंद कराव्या लागतात. हा विसराळूपणा नाही, ही लबाडी आहे. आणि ‘जाऊ द्या हो, पाच रुपयांसाठी काय डोकं लावता’ म्हणणाऱ्यांनो, ही लबाडी तुमच्याच जिवावर चालते. उतारा उघडा, शुल्काच्या नोंदी शोधा आणि बँकेला लेखी विचारा: हे मला आधी का दाखवलं नाही? फोन करू नका, लेखीच विचारा. आणि उत्तरात पुन्हा ते पीडीएफ आलं, तर पुन्हा विचारा.