गूळ घातला म्हणून रताळं बिनसाखरेचं होत नाही

कार्तिकी एकादशी जवळ आली की आमच्या सोलापुरात घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "रताळ्याचे काप साखरेऐवजी गुळात घोळवून ओव्हनमध्ये भाजा. भाजताना रताळ्यातली साखर जळून जाते. शुगरवाल्यांनी पोटभर खावेत." यंदा तो माझ्या सासूबाईंनीच मला वाचून दाखवला. त्यांना मधुमेह आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आधी गुळाचं. गूळही उसाचाच, हे इतके साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात सांगावं लागू नये. त्यात मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच असते. थोडी खनिजं असतात, पण त्यांनी रक्तातली साखर चढायची थांबत नाही. अर्धा किलो रताळ्यांना ५० ग्रॅम गूळ घातला, तर चौघांत प्रत्येकी साडेबारा ग्रॅम पोटात जातो. एवढी साखर मी सासूबाईंच्या चहात कधीच घालणार नाही.

आणि भाजताना साखर जळत नाही, ती तयार होते! रताळं सावकाश तापलं की साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्यातलं बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्चपासून माल्टोज ही साखर बनवतं. सालीसकट टोचे मारून १६० अंशांवर तासभर ठेवून बघा. साल सैल पडते, टोच्यांतून पाक झिरपतो आणि ट्रेवर काळपट चिकट थेंब साचतात. एवढा गोडवा अंगचाच असताना वरून गूळ कशाला? मी त्याचे जाड काप करते, चमचाभर तूप, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची आणि मीठ लावून २०० अंशांवर दहा मिनिटं ठेवते, वरून लिंबू पिळते. आंबट-तिखटानं गोडी उठून दिसते. उपवास नसेल त्या दिवशी आपली शेंगाची चटणी भुरभुरायची. लसूण असतो, म्हणून एकादशीला नाही.

राहिलं "पोटभर". दीडशे ग्रॅम रताळ्यात सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ज्वारीच्या एका लहान भाकरीएवढी. शिवाय भाजलेल्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते त्याचं माप, उकडलेल्यापेक्षा बराच जास्त. हे तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे.

सासूबाईंच्या ताटात मी चार काप वाढते आणि शेजारी वाटीभर दही ठेवते. गोळ्या चालू असताना उपवास धरायचा की नाही, हे मात्र आम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवतो.